गंजणारा मोळा

शाळेतले बहुतेक प्रयोग तास संपायच्या आत आटोपतात. मॅग्नेशियमची फीत भपकन जळते, लिटमस लाल होतो, पोरं खूश. गंजाचा प्रयोग मात्र मांडायचा, कपाटावर ठेवायचा आणि घरी जायचं. पोरांना त्याचा कंटाळा येतो. मला शिकवायला तोच सगळ्यांत आवडतो.

तीन परीक्षानळ्या, प्रत्येकीत घासून चकचकीत केलेला एक मोळा, म्हणजे लोखंडी खिळा. पहिलीत साधं पाणी. दुसरीत उकळलेलं पाणी आणि वर तेलाचा थर. तिसरीत नुसती हवा, सोबत तिचा ओलावा शोषायला कॅल्शियम क्लोराईड. काही दिवसांनी पहिल्या नळीतला मोळा तांबूस होतो, बाकीचे दोघे आहेत तसेच. लोखंड गंजायला पाणीही लागतं आणि हवेतला ऑक्सिजनही.

पुस्तकात हे चार ओळींत उरकतं. पण बेळगाव जिल्ह्यातल्या खानापुरात ऐन जुलैमध्ये ती तिसरी नळी जमवून दाखवा! दप्तरं ओली, भिंती ओल्या, खडूसुद्धा दमट. कॅल्शियम क्लोराईडच्या बाटलीचं बूच जरा सैल राहिलं, की आतल्या खड्यांचा पाक होतो. हवेतलं पाणी ओढता ओढता ते स्वतःच त्यात विरघळून जातं. मार्चमध्ये अथणीला गेलात तर हवाच इतकी कोरडी, की मोळा नुसता खिडकीत ठेवला तरी चालावं. जिल्हा एकच, पण मलप्रभा नदी उगम पावते त्या खानापूर तालुक्यातल्या कणकुंबीला अथणीच्या कितीतरी पट पाऊस. हवेतली आर्द्रता साधारण 60 टक्क्यांवर गेली की गंज वेग धरतो. कणकुंबीच्या पावसाळ्यात ती त्याखाली उतरायचं नावच घेत नाही.

दुसरी नळी शिकवायला मात्र पुस्तक लागत नाही. भाताची कापणी झाली की विळ्याला तेल चोपडून आढ्याला खोचायचं, हे पोरं घरात बघतातच. ज्यांचे वडील बेळगावच्या उद्यमबागेत, कारखान्यांच्या वसाहतीत, लेथवर आहेत, त्यांना आणखी ठाऊक असतं. घासून तयार झालेल्या जॉबला, म्हणजे लेथवर घडवलेल्या लोखंडी भागाला, घामट हात लागला आणि तेल लावायचं राहिलं, तर बोटाचा ठसा लाल होऊन उमटतो. घामातलं मीठ गंजाला घाई करतं. हात कुणी लावला ते विचारायची सोयच उरत नाही.

एकदा मागच्या बाकावरनं प्रश्न आला, "सर, पाण्यातच ऑक्सिजन असतोय की ओ. मग उकळलेल्या पाण्यात मोळा का गंजत नाही?"

असा प्रश्न आला की वर्षाचं सार्थक होतं. सांगितलं, तो ऑक्सिजन हायड्रोजनला घट्ट बांधलेला. गंजाला लागतो तो पाण्यात विरघळलेल्या हवेतला, आणि उकळल्यावर तीच हवा निघून जाते. तेल असतं ते ती परत शिरू नये म्हणून.

पोरगं थोडा वेळ नळीकडं बघत राहिलं. "म्हणजे ह्यात मासा सोडला तर त्योबी मरणार की!"