वीस मिनिटं

सोमवार, रात्री

सात महिन्यांनी आज ऑफिसला गेले. बडोद्याच्या दांडिया बाजारातून रिक्षा सूरसागर तलावाकडे वळली आणि पोटात गोळा आला. कंबर तर रोजच दुखते, तिची सवय झालीय. धास्ती होती ती "आता बरी आहेस ना?" या प्रश्नाची. हो म्हणावं तर खोटं, नाही म्हणावं तर मग आलीस कशाला?

समुपदेशक ताईंनी हे उत्तर माझ्याकडून आधीच घोटून घेतलं होतं. "दुखतं अजून, पण झेपेल तेवढं काम ठरवून घेतलंय." शेजारच्या टेबलवरच्या बेनने विचारल्यावर गुजरातीत एवढंच सांगितलं. "सारुं थयुं, तमे आव्यां," म्हणत तिने बिस्किटांचा पुडा पुढे केला. बस, एवढंच झालं.

पहिले पंधरा दिवस अकरा ते तीन. ड्रॉवरमध्ये स्वयंपाकघरातला टायमर ठेवलाय. वीस मिनिटं व्हाउचर, मग उठून माठापर्यंत जाऊन यायचं, दुखो वा न दुखो. हे "न दुखो" अंगवळणी पडायलाच सगळ्यात जास्त दिवस लागले. गणपतीत एका सकाळी कंबर हलकी वाटली, म्हणून ओट्याशी उभं राहून एकावन्न मोदक वळले. पुढचे चार दिवस अंथरुणात. आणि पडल्या पडल्या एकच घोकणं, आपण आता कशाच्याच कामाच्या नाही. ताई म्हणाल्या, तुम्हाला तुमचा बरा दिवसच पाडतो. दुखायला लागेपर्यंत वाट बघू नका, घड्याळ वाजलं की थांबा. आठ मिनिटांपासून सुरुवात केली होती.

त्यांनीच एकदा कागदावर दार काढून दाखवलं. मेलझॅक आणि वॉल या दोघांनी १९६५ साली मांडलेली कल्पना: वेदनेचा निरोप मेंदूकडे जाताना मज्जारज्जूत जणू एक दार असतं. भीती, उदासी, यांनी ते जास्त उघडतं. मन रमलं की थोडं मिटतं. मला तिथेच रडू फुटलं. "एमआरआयमध्ये विशेष काही नाही" याचा अर्थ आमच्या घरात "मनाचे खेळ" असा झाला होता ना! मनाचा हात आहे म्हणून दुखणं खोटं होत नाही, हे मला तोवर कुणी सांगितलंच नव्हतं. सासूबाईंनाही तोच कागद दाखवला. त्या काही बोलल्या नाहीत, पण दुसऱ्या दिवसापासून कणीक त्या मळायला लागल्या.

दर पंधरवड्याला ताई उदासी मोजायचा नऊ प्रश्नांचा कागद भरून घेतात; आकडा जितका कमी तितकं बरं. २७ पैकी १८ होते, या वेळी ९ आले. शेवटचा प्रश्न जगणं नकोसं वाटण्याचा. जूनमध्ये तिथे शून्य लिहिता येत नव्हतं. त्याच दिवसांत रात्री दीड वाजता १४४१६ लावला होता, टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा. पलीकडच्या बाईंनी घाई केली नाही. सकाळी मानसोपचारतज्ज्ञांकडे जायचं, एवढं माझ्याकडून कबूल करून घेतलं. तिथूनच पुढे गोळ्या सुरू झाल्या, ताई भेटल्या. आता त्या प्रश्नापुढे शून्य लिहिते, आणि ते खरं असतं.

आज अडीचला टायमर वाजला तेव्हा बेरीज दोन ओळींवर आली होती. पेन्सिलीने खूण केली आणि माठाकडे गेले.