नो फिल्टर वगैरे

रविवारी दुपारी भाचीने ठाण्यातल्या तलावपाळीचा फोटो टाकला आणि खाली हॅशटॅगच हॅशटॅग, ठाणेकर, संडेव्हाइब्स, नोफिल्टर. नोफिल्टर म्हणजे रंगांत काही फेरफार न केलेला फोटो, पण यातलं पाणी इतकं निळं की मासुंदा तलाव ओळखू येईना, म्हणजे फिल्टर तर होताच. विचारलं तर म्हणते, "मामा, ते असंच टाकतात."

नेटवर मीमची नोंद ठेवणारी मंडळी आहेत, कुठलं मांजर कुठून आलं ते सगळं नीट लिहून ठेवतात, मग हॅशटॅगने काय घोडं मारलंय, तेही मीम म्हणून जपायला नकोत का? ठाणेकर ही नुसती बरणीवरची चिठ्ठी, ती जपून काय करायचं. पण नोफिल्टर हा टॅग लोक फिल्टर लावलेल्या फोटोखाली टाकायला लागले तेव्हा त्याची गंमत झाली, आणि मग तो मीमच, निदान माझ्या हिशोबात.

हॅशटॅगची कल्पना मांडणाऱ्या ख्रिस मेसिना या अमेरिकन तंत्रज्ञाने २३ ऑगस्ट २००७ ला ट्विटरवर विचारलं होतं, ग्रुपसाठी # वापरूया का. तेव्हा आम्हाला हॅश ठाऊक होता तो मोबाइलचा बॅलन्स बघण्यापुरता.

पण अशी पसरापसरी आमच्याकडे त्याच्या खूप आधीपासून होती. नौपाड्यात आजीकडे संतोषीमातेची पोस्टकार्डं यायची. हे पत्र अकरा जणांना पाठवा, अमक्याने पाठवलं त्याला लॉटरी लागली, तमक्याने फाडलं त्याचा मुलगा आजारी पडला. आजीचा विश्वास नव्हता, पण "कशाला विषाची परीक्षा" म्हणून मला बसवायची, कारण माझं अक्षर बरं. लिहून लिहून हात दुखायला लागला की मी लॉटरीची रक्कम वाढवायचो, मुलाला बरं करून त्याच्या जागी म्हैस आजारी पाडायचो. पुढे केव्हातरी एक कार्ड आलं त्यात म्हैस होती. माझीच का दुसऱ्या कुणाची, देव जाणे. जीवशास्त्रज्ञ रिचर्ड डॉकिन्सने १९७६ साली मीम हा शब्द काढला तो असल्याच गोष्टींसाठी, नकलेची नक्कल, मधे थोडा फेरफार.

त्यातलं एकही कार्ड आज घरात नाही. ठाण्यात मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासून आहे, पण तिथे ही कार्डं नेऊन देणार कोण? अमेरिकेतल्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने २०१० मध्ये सगळी जाहीर ट्विट्स साठवायची म्हटलं होतं, २०१८ पासून तेही निवडकच ठेवतात. त्यांची ही गत, मग माझ्या म्हशीचं काय घेऊन बसलात.

राहता राहिला मीटू, म्हणजे 'मीसुद्धा', लैंगिक छळ सोसलेल्या बायकांनी टाकलेला हॅशटॅग. ऑक्टोबर २०१७ मध्ये तोही एकीचं बघून दुसरीने असाच पसरला, म्हणजे व्याख्येत बसतो, तरी त्याला मीम म्हणायला माझी जीभ रेटत नाही. मात्र त्याची नोंद हवीच. अमेरिकेतल्या कार्यकर्त्या टॅराना बर्क हे शब्द २००६ पासून वापरत होत्या, आणि तो हॅशटॅग टाकणाऱ्या कित्येकींना त्यांचं नावही माहीत नव्हतं.