पंखा बदलून मिळेपर्यंत: आऊटबोर्डचं पेट्रोल कमी करण्याचा माझा अनुभव

बोटीच्या मागे लावायचं नवं इंजिन, म्हणजे आऊटबोर्ड, घेताना पूर्ण थ्रॉटलवर, पूर्ण माणसं बसवून, आरपीएम (मिनिटाला इंजिनाच्या फेऱ्या) किती जातो ते पाहिल्याशिवाय शेवटचा हप्ता देऊ नका. बाकी सगळं पुढे सांगतो, पण एवढं आधी सांगायला हवं, कारण या एका आकड्यापायी माझा दिवाळी ते नवीन वर्ष हा अख्खा हंगाम दुकानाच्या चकरांत गेला आणि त्याचा राग अजून गेलेला नाही.

मालवणजवळ देवबागला माझी 22 फुटी फायबरची बोट आहे. डॉल्फिन दाखवायला, खाडी-समुद्राच्या संगमावर, त्सुनामी आयलंडला माणसं नेतो. जुनं टू-स्ट्रोक काढून 40 हॉर्सपॉवरचं फोर-स्ट्रोक बसवलं. टू-स्ट्रोकमध्ये, त्यातही कार्बुरेटरवाल्यात, थोडं पेट्रोल न जळताच एक्झॉस्टमधून बाहेर जातं, त्यामुळे फोर-स्ट्रोकला कमी लागतं हे खरंच आहे. रिकामी बोट नेली की फरक दिसायचाही. पण आठ पर्यटक आणि आम्ही दोघं बसलो की थ्रॉटल पूर्ण उघडूनही इंजिनाचा आवाज दबलेला, नाक वर, आणि टाकी बघता बघता खाली. पेट्रोल शंभराच्या वर गेलेलं असताना हे परवडत नाही.

शेजारचे काका आयुष्यभर समुद्रावर होते. किनाऱ्यावरून एकदा बघितलं आणि म्हणाले, "अरे, तुझ्या बोटीचा नाक आभाळात आसता. पेट्रोल थयच जळता." त्यांचं बोलणं अगदी बरोबर होतं. अशी बोट हळू चालते तेव्हा पाणी बाजूला सारत चालते. माझ्या लांबीच्या बोटीला त्याची मर्यादा साधारण सहा नॉट, म्हणजे तासाला सहा सागरी मैल. त्याच्यापुढे गेलं की बोट आपल्याच लाटेवर चढायला लागते, नाक उचलतं, आणि तिथे सगळ्यात जास्त ताकद वाया जाते. ती चढण पार करून बोट पाण्यावर आली की मैलामागचा खर्च पुन्हा उतरतो. म्हणजे एक तर सहाच्या आत चालवा, नाही तर नीट वर येऊन चालवा. आठ-नऊ नॉटवर रेंगाळणं सगळ्यात महाग.

मोजलं कसं ते सांगतो. माझी टाकी सुटी, 24 लिटरची. ती मासळीच्या वजनकाट्यावर ठेवायची, जाण्याआधी आणि आल्यावर. एक लिटर पेट्रोल साधारण पाऊण किलो, त्यावरून लिटर काढता येतात. टाकीवरच्या काट्यावर विश्वास ठेवू नका, लाटेवर तो नाचतो. मोबाईलच्या जीपीएसवर संगमाच्या बाहेर निवतीच्या दिशेने दोन खुणा ठरवल्या आणि दर वेगाला जाऊन-येऊन मोजलं. एकाच दिशेने मोजलं तर ओहोटीचं पाणी आकडा खोटा करतं. पूर्ण वजनात आकडे असे आले: साडेपाच नॉटला तासाला तीन लिटर, म्हणजे सागरी मैलाला साधारण अर्धा लिटर. नऊ नॉटला तासाला दहा लिटर, मैलाला लिटरहून जास्त. पूर्ण थ्रॉटलला 14 नॉट आणि तासाला साडेचौदा लिटर.

माझ्या टिलरवाल्या, म्हणजे हाताच्या दांड्याने वळवायच्या, इंजिनाला आरपीएमचा काटा नव्हता. प्लगच्या वायरीला गुंडाळायचं छोटं टॅकोमीटर मिळतं, ते लावलं. त्यात एका फेरीला किती ठिणग्या पडतात ते सेटिंग बरोबर करावं लागतं, नाही तर आकडा दुप्पट किंवा निम्मा दिसतो. माझ्या पूर्ण थ्रॉटलला 4,700 दिसत होते. इंजिनाच्या पुस्तकात लिहिलंय 5,000 ते 6,000. म्हणजे इंजिनाच्या पंख्याचं (प्रोपेलरचं) पिच बोटीच्या वजनाला जास्त होतं. इंजिन चढाला टॉप गिअरमध्ये अडकलेल्या एसटीसारखं कण्हत होतं.

पंख्याच्या मुंड्यावर दोन आकडे कोरलेले असतात. पहिला व्यास, दुसरा पिच, दोन्ही इंचात. माझं पिच होतं 13, म्हणजे पाणी अजिबात निसटलं नाही तर एका फेरीत 13 इंच पुढे. हलक्या बोटीला ते छान. पिच एक इंच कमी केलं की आरपीएम साधारण दोनशेने वाढतो, म्हणून मला 11 हवं होतं. एवढं साधं काम.

आणि इथे मी अडकलो. दुकान शहरात, देवबागहून जाऊन-येऊन अख्खा दिवस. काउंटरवरचा माणूस म्हणाला, "दादा, कंपनीने दिलाय तोच पंखा बरोबर असतो." मी वहीतले आकडे दाखवले. तो म्हणाला, बोट जड आहे. बोट जड आहे हेच तर मी सांगत होतो! मग म्हणाले, वेगळा पंखा लावलात तर वॉरंटीचं आम्ही सांगू शकत नाही. लेखी द्या म्हटलं तर लेखी देईनात. मग म्हणाले, इंजिन वर्कशॉपला आणा.

ऐन दिवाळीत, दारात पर्यटक उभे असताना, मी इंजिन उतरवलं आणि टेम्पोतून नेलं. त्यांनी ते पाण्याच्या ड्रमात घालून चालू केलं. ड्रमात ते ठणठणीतच चालणार, तिथे ओढायचंय काय? बोट नाही, माणसं नाहीत, लाट नाही. जॉबकार्डवर लिहिलं, 'दोष आढळला नाही', आणि तपासणीचे पैसे घेतले. त्या दिवशी परत येताना कुडाळपर्यंत मी कोणाशी एक शब्द बोललो नाही.

पुढच्या वेळी तोंड उघडण्याआधी आणखी एक पुरावा गोळा केला. गावातल्या एका मासेमारी करणाऱ्या दादाकडे त्याच मॉडेलचं इंजिन आहे आणि त्याच्याकडे 11 पिचचा जादा पंखा होता. त्याने तो दुपारपुरता दिला. (अशी माणसं आहेत म्हणून आमचा धंदा चालतो.) तेवढीच माणसं बसवून गेलो तर आरपीएम 5,150 आणि वेग 15 नॉट. पण खरी गंमत पूर्ण थ्रॉटलला नव्हती. आता तेच 14 नॉट थ्रॉटल थोडं मिटून मिळत होते आणि तासाला 11 लिटर लागत होते. आधी साडेचौदा लागायचे. मला ओरडावंसं वाटलं.

तरीही काउंटरवर उत्तर तेच. "सुट्ट्या पंख्यावर कंपनी जात नाही." मग वर्कशॉपमधल्या तरुण मेकॅनिकला मी बाजूला घेऊन विचारलं, इंजिनाला लॅपटॉप लावलात तर कोणत्या आरपीएमला किती तास चाललं ते दिसतं ना? दिसतं म्हणाला. कार्बुरेटरऐवजी इंधन इंजेक्शन असलेल्या बहुतेक इंजिनांच्या मेंदूत ही नोंद असते. ज्यांचं इंजिन इंजेक्शनचं आहे त्यांनी ही नोंद नक्की मागा, कोणी आपणहून दाखवत नाही. त्याने कागद काढून दिला. माणसं भरून पूर्ण थ्रॉटल मी रोज देतो, तरी 5,000 च्या वरच्या रकान्यात जवळजवळ काहीच नव्हतं. त्यांच्याच कॉम्प्युटरचा, त्यांच्याच शिक्क्याचा कागद मी काउंटरवर ठेवला. मॅनेजर बाहेर आले, वाचला, आणि पंखा मागवतो म्हणाले. इतकी साधी गोष्ट आधी कोणी बघितली नाही याचं मला अजून वाईट वाटतं.

त्यात आणखी एक घोळ. आलेला पहिला पंखा शाफ्टवर बसेचना, आतले दाते वेगळे. नवीन वर्षाची गर्दी 13 पिचवरच काढली आणि तो सगळा जादा खर्च माझ्या खिशातून गेला. म्हणून ऑर्डर देताना नुसतं पिच सांगू नका, शाफ्टवरचे दाते मोजून सांगा आणि जुन्या पंख्याचा फोटो पाठवा. जानेवारीत बरोबर पंखा आला आणि पहिल्याच फेरीत इंजिनाचा आवाज मोकळा झाला. त्या दिवशी मला जो आनंद झाला तो पैशाचा नव्हता फक्त, माझी वही खरी निघाल्याचा होता.

आता राहिलेलं. कमी पिचचा पंखा लावून रिकामी बोट पूर्ण थ्रॉटलला नेऊ नका, आरपीएम मर्यादेच्या वर जाईल. इंजिनाचा कल ठरवणारी ब्रॅकेटची पिन एक भोक बोटीच्या बाजूला आत घेतली की नाक खाली येतं. मी ते केलं आणि दोन वजनदार माणसं पुढे बसवायला लागलो, त्यानेही फरक पडला. इंजिनावरची आडवी पट्टी, पंख्याच्या वरची, तळाच्या रेषेत किंवा किंचित वर असावी. खूप खाली असेल तर इंजिन उगाच पाणी ओढतं. बोट कर्ली खाडीत नुसती उभी राहिली तरी तळाला शेवाळ आणि बारीक शिंपल्यांचा थर धरतो. वाळूवर ओढून घासा, याहून स्वस्त उपाय नाही.

आणि हल्ली पंपावर 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल येतं. इथेनॉलमध्ये ताकद पेट्रोलपेक्षा तिसऱ्या हिश्श्याने कमी, त्यामुळे लिटरमागे सहा-सात टक्के उतार धरूनच हिशेब करा, नाही तर नवा पंखा लावूनही आकडा जुळणार नाही. शिवाय ते हवेतली ओल शोषतं आणि पाणी जास्त झालं की टाकीच्या तळाशी वेगळं होतं. टाकी आणि इंजिनाच्या मधे पाणी वेगळं करणारा फिल्टर लावा आणि पावसाळ्यात बोट वर काढताना टाकीत जुनं पेट्रोल ठेवू नका.

पंखा घेताना नट, वॉशर आणि स्प्लिट पिनही त्याच बिलात घ्या, आणि जुना पंखा विकू नका. संगमाच्या तोंडाशी वाळू सरकत असते, नव्या पंख्याची पात एकदा वाळूला लागली की हंगाम संपेपर्यंत जुनाच उपयोगी पडतो.