दुसऱ्या मात्रेची घाई

रविवारी दुपारी बाबांची डेक्का कंपनीची जुनी एलपी काढली. संचालक विली बॉस्कोव्स्की, व्हिएन्ना फिलहार्मोनिक वाद्यवृंद आणि संगीतकार योहान स्ट्राउसची वॉल्ट्झ, म्हणजे जोडीने नाचायची नृत्यं. मऊ फडक्याने तबकडी पुसली, सुई अलगद टेकवली. आधी थोडी चरचर, मग व्हायोलिनची बारीक थरथर आणि तिच्यातून वर येणारा हॉर्न. ‘ब्लू डॅन्यूब’!

वॉल्ट्झच्या मात्रा तीन, आपल्या सहा मात्रांच्या दादरा तालाचं अर्धं आवर्तन. पण व्हिएन्नाचे वादक दुसरी मात्रा किंचित लवकर घेतात आणि तिसरीआधी श्वास घेतल्यासारखे रेंगाळतात. नोटेशनमध्ये हे लिहिलेलं नसतं, अंगात मुरलेलं असतं. मी मुख्य सुरावट सोडून कितीदा तरी तेवढंच ऐकत बसते. बॉस्कोव्स्की मूळचे याच वाद्यवृंदाचे कॉन्सर्टमास्टर, म्हणजे प्रमुख व्हायोलिनवादक. १९५५ ते १९७९ या वाद्यवृंदाची नववर्षाची मैफल त्यांनी सांभाळली, तीही हातात व्हायोलिन घेऊन, गजानेच इशारे देत.

ध्वनिमुद्रण व्हिएन्नातल्या सोफियनझाल या हॉलमधलं. ही वास्तू मुळात सार्वजनिक स्नानगृह. हिवाळ्यात आतल्या पोहण्याच्या तलावावर लाकडी जमीन अंथरून तिथे नाच चालत, स्ट्राउसचं संगीत वाजे. त्या जमिनीखालच्या पोकळीने आवाजाला किती ऊब दिली आहे! २००१ मध्ये आग लागून तो हॉल जळाला, हे आठवलं की जीव हळहळतो.

दुसऱ्या बाजूला ‘टेल्स फ्रॉम द व्हिएन्ना वूड्स’. त्यात मधेच सगळा वाद्यवृंद गप्प होतो आणि झिथर वाजू लागते, आपल्या स्वरमंडळाच्या नात्यातलं तारवाद्य. ती जागा जवळ आली की बाबा उठून पंखा बंद करायचे. मीही केला.