काळा सिलिंडर, पांढरा खांदा
मागच्या पावसाळ्यात पंचगंगेचे पाणी पात्राबाहेर आले, तेव्हा शुक्रवार पेठेतली आत्या चार दिवस आमच्या मंगळवार पेठेतल्या घरी राहायला आली होती. तिची सारी नोकरी ऑपरेशन थिएटरमध्ये परिचारिका म्हणून झालेली असल्यामुळे, १९४६ सालचा 'ग्रीन फॉर डेंजर' हा ब्रिटिश रहस्यपट मी तिच्याच शेजारी बसून पुन्हा पाहायचे ठरवले. खुनी कोण हे मी येथे सांगणार नाही. खून कसा होतो हे मात्र सांगावेच लागेल, म्हणून ज्यांना तेही नको असेल त्यांनी आधी चित्रपट पाहावा.

क्रिस्टियाना ब्रँड यांच्या कादंबरीवरून दिग्दर्शक सिडनी गिलियट यांनी तो केला. कादंबरीतले रुग्णालय लष्करी आहे, पडद्यावरचे नागरी आहे. काळ ऑगस्ट १९४४ चा, म्हणजे इंग्लंडवर जर्मनीचे उडते बॉम्ब पडत होते तेव्हाचा. या बॉम्बच्या इंजिनाची घरघर चालू असेपर्यंत माणसे हातातले काम करत राहतात आणि ती थांबली की श्वास रोखून धरतात. अशाच एका बॉम्बने जखमी झालेला हिगिन्स नावाचा पोस्टमन शस्त्रक्रियेच्या टेबलावर येतो आणि शस्त्रक्रिया सुरू होण्याआधीच भुलेखाली मरण पावतो. भूल देणाऱ्या डॉ. बार्न्सच्या हातून पूर्वीही एक रुग्ण दगावलेला असल्याने सगळ्यांच्या नजरा आपोआप त्याच्याकडे वळतात.

खरा प्रकार असा की त्या काळी तिकडे ऑक्सिजनचा सिलिंडर काळा, वरचा भाग पांढरा, आणि कार्बन डायऑक्साइडचा हिरवा असे. कोणीतरी हिरव्यावर काळा-पांढरा रंग चढवतो. रुग्णाचा जीव वाचवण्यासाठी जो वायू दिला जातो, तोच त्याला मारत असतो आणि देणाऱ्याचा हात पूर्ण निर्दोष असतो. टेबलाभोवती उभ्या असलेल्या साऱ्यांची तोंडे मास्कने झाकलेली, दिसतात ते फक्त डोळे. संशयितांची अशी मांडणी मी दुसऱ्या कोणत्याही रहस्यपटात पाहिलेली नाही.

येथे आत्याने चित्रपट थांबवायला लावला. "आता हे जमायचं न्हाई," ती म्हणाली, "नुसत्या रंगावर कोण जातंय? पिन बसायला पाहिजे की." मग तिने समजावून सांगितले, की भुलेच्या यंत्रावर सिलिंडर जेथे अडकवतात तेथे दोन पिना असतात आणि सिलिंडरच्या झडपेवर नेमक्या त्याच जागी दोन छिद्रे असतात. ऑक्सिजनसाठी दोन आणि पाच क्रमांकाच्या जागा, नायट्रस ऑक्साइडसाठी तीन आणि पाच. त्यामुळे रंग कसाही असला तरी चुकीचा सिलिंडर बसतच नाही. ही पद्धत रूढ झाली ती या चित्रपटानंतर. आपल्याकडेही ऑक्सिजनचा सिलिंडर काळा आणि त्याचा खांदा पांढराच असतो, हे मी करोनाच्या काळात इतक्यांदा पाहिले होते, तरी त्या दोन रंगांवर आपण किती विसंबतो हे मला त्या क्षणापर्यंत जाणवले नव्हते.

दुसऱ्या खुनाचा प्रसंग तर निव्वळ अंधार आणि वारा यांवर उभा आहे. नाचाच्या कार्यक्रमात सिस्टर बेट्स सर्वांसमोर सांगून टाकते की हा खून आहे आणि पुरावा आपल्याकडे आहे. मग ती एकटीच रात्री ऑपरेशन थिएटरकडे धावत जाते आणि तेथे अंधारात गाऊन व मास्क घातलेली एक आकृती आधीच उभी असते. हे सगळे पाइनवुड स्टुडिओतल्या सेटवर उभारलेले आहे, आणि जयप्रभा व शालिनी स्टुडिओंच्या गावात वाढलेल्या माणसाला त्या खोट्या झाडांतून धावणाऱ्या सावल्यांचे कौतुक जरा जास्तच वाटते.

तरीही हा चित्रपट माझ्या लक्षात राहिला तो इन्स्पेक्टर कॉक्रिलमुळे. ही भूमिका करणारे ॲलेस्टर सिम हे मूळचे एडिंबराचे, नट होण्यापूर्वी वक्तृत्व शिकवणारे, आणि त्यांच्या आवाजातला तो आढ्यतेचा गोडवा तेथूनच आला असावा. सारी कथा म्हणजे कॉक्रिलने वरिष्ठांना लिहिलेला अहवाल आहे. दोन डॉक्टर मारामारी करू लागतात तेव्हा हे गृहस्थ ती सोडवत नाहीत, आनंदाने पाहत राहतात. अंथरुणात पडून रहस्यकथा वाचताना खुनी ओळखल्याच्या समाधानात शेवटचे पान उघडतात आणि त्यांचा चेहरा पडतो. पहिल्यांदा पाहताना मी यावर फक्त हसलो होतो. दुसऱ्यांदा लक्षात आले, की गिलियट यांनी शेवट तेथेच सांगून ठेवला आहे. रहस्यकथेतला गुप्तहेर सहसा चुकत नाही. हा चुकतो, आणि त्याच्या खात्रीची किंमत दुसऱ्या कोणाला तरी जिवाने मोजावी लागते.

अहवालाच्या अखेरीस कॉक्रिल राजीनामा देऊ करतात आणि तो स्वीकारला जाणार नाही अशी पक्की आशाही व्यक्त करतात. मी मनापासून हसलो. आत्या हसली नाही. चष्मा पुसत ती एवढेच म्हणाली, "मंजूर करायला पाहिजे होता की."