तिसऱ्यांची शिंपलं आणि मऊ अंडी: दहाव्या आठवड्याची नोंद

मंडळी, आषाढात एका सकाळी खुराड्यात हात घातला तर अंडं बोटांखाली दबलं. कवच नाहीच, नुसता पापुद्रा. आठवडाभरात आणखी दोन तशीच. माझ्या सातही कोंबड्या गावठी, खाणं मुख्यतः तांदळाची कणी, आणि पावसामुळे दिवसदिवस कोंडलेल्या.

एका धड अंड्याचं कवच वाळवून तोललं, ४.४ ग्रॅम भरलं. ते जवळजवळ सगळं कॅल्शियम कार्बोनेट. म्हणजे दर अंड्यामागे सुमारे १.७ ग्रॅम कॅल्शियम कोंबडीच्या अंगातून जातं. दिवसभर कणी टिपून तिला मिळतं ते मोजकं काही मिलिग्रॅम. उरलेलं ती हाडांतून काढते. हा हिशेब कळला त्या दिवशी फार वाईट वाटलं.

परसात तिसऱ्यांच्या शिंपल्यांचा ढीग पडलेलाच होता, आणि तीही कॅल्शियम कार्बोनेटचीच. धुऊन, चुलीवर भाजून खलबत्त्यात फोडली. पहिल्यांदा पीठ केलं, ती चूक. कवच बनायला सुमारे वीस तास लागतात आणि बराचसा थर रात्री चढतो, तेव्हा कोंबडी काही खात नसते. भरड तुकडे पेषणीत, म्हणजे दाणे दळणाऱ्या पोटात, रेंगाळून रात्रभर हळूहळू विरघळतात, पीठ लगेच पुढे निघून जातं. आता ज्वारीच्या दाण्याएवढे तुकडे वेगळ्या करवंटीत ठेवतो. संध्याकाळी अंड्यावरच्या कोंबड्या आपणहून तिकडे वळतात. तलंगांना (अजून अंड्यावर न आलेल्या कोंबड्यांना) आणि पिल्लांना मात्र ती करवंटी मिळू देऊ नका, जास्त कॅल्शियमने त्यांची मूत्रपिंडं बिघडतात.

उघडीप मिळाली की सगळ्यांना अंगणात सोडतो. उन्हात त्यांच्या कातडीत ड३ जीवनसत्त्व तयार होतं, त्याशिवाय खाल्लेलं कॅल्शियम आतड्यातून रक्तात नीट उतरत नाही.

कणीत मूठभर कोंडाही मिसळतो. १८९० च्या दशकात जावा बेटावर डच डॉक्टर क्रिस्तियान आइकमान यांनी पाहिलं, की पॉलिशच्या तांदळावर वाढणाऱ्या कोंबड्यांचे पाय लुळे पडतात आणि कोंडा दिला की त्या बऱ्या होतात. ब१ जीवनसत्त्वाचा शोध तिथून सुरू झाला, १९२९ च्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा त्याचाच. पण कोंडा मुठीपुरताच, त्यातलं फायटेट नावाचं द्रव्य कॅल्शियम अडवून ठेवतं.

गेल्या तीन आठवड्यांत मऊ अंडं एकही नाही. फक्त तुरेवालीचं कवच अजून पातळ आहे, ३.६ ग्रॅम. ती वयस्कर आहे, तिच्याकडे आता रोज लक्ष ठेवतोय. पुढच्या नोंदीत सुकटीचा भुगा: कणीत लायसिन आणि मेथिओनिन ही प्रथिनांची दोन्ही घटकद्रव्यं कमी पडतात, त्यासाठी.