रामेन कुणासाठी थांबत नाही

चौघं मिळून रामेन, म्हणजे गरम रश्शातल्या जपानी नूडल्स, खायला गेलात तर ज्याचा वाडगा आधी आला त्यानं सुरुवात करायची. ‘सगळ्यांचं येऊ दे’ हा शिष्टाचार इथे महागात पडतो. कढत रश्शात नूडल्स शिजतच राहतात. ५-७ मिनिटांत फुगून लिबलिबीत होतात, वर रस्साही पिऊन टाकतात. फोटो काढायचाच तर एकच.

आधी रस्सा चाखा. मग नूडल्स तळापासून वर उचला, कारण ‘तारे’ हा खारट अर्क वाडग्यात सगळ्यात आधी ओततात. भुरके मारायला लाजू नका. घास निवतो, वासही खुलतो.

जपानमधल्या हाकाता भागाच्या पद्धतीच्या बारीक नूडल्स जरा कडकच मागवा. तिथे ‘काएदामा’, म्हणजे नुसत्या नूडल्सचा जादा वाटा मिळतो. पहिल्या संपायच्या थोडं आधी सांगा आणि रस्सा राखून ठेवा, नाहीतर कोरड्याच खाव्या लागतील. एका वाडग्यात दोघं? नकोच.